रस्ता सर्वांचा, आरंभ पादचाऱ्यापासून

(नगरपरिषदा व ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रस्ता हा आपल्या प्रत्येकाच्या नित्य परिचयाचा विषय आहे. त्यामुळेच त्याविषयी मुद्दाम काही विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. नगरपरिषदेच्या सभेत रस्त्याची चर्चा होते ती डांबरीकरण, खड्डे, रुंदीकरण आणि वाहनतळ या चार शब्दांभोवती. हे चारही विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु या चर्चेत ज्याचा उल्लेख क्वचितच होतो, असा एक माणूस रस्त्यावर सर्वाधिक असुरक्षित असतो. तो म्हणजे पायी चालणारा माणूस. आज मी प्रामुख्याने त्याच्याविषयी, आणि त्याच्या निमित्ताने सायकलस्वार, वृद्ध, लहान मुले व अपंग बांधव यांच्याविषयी बोलणार आहे.

आरंभी काही आकडे आपणासमोर ठेवतो. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. याचा अर्थ असा की, त्या वर्षी दररोज सरासरी ९० माणसे केवळ रस्त्याने चालत असताना किंवा रस्ता ओलांडत असताना प्राणास मुकली. दुचाकीवरील ७४,८९७ आणि सायकलवरील ४,८३६ मृत्यू यांत मिळविले, म्हणजे एकूण मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसे अशी निघतात की, ज्यांच्याभोवती लोखंडाचे कसलेही कवच नव्हते. ज्यांना संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्यांच्यासाठी रस्त्यावर सर्वांत कमी तरतूद, असे हे चित्र आहे.

चूक माणसाची, शिक्षा प्राणाची

अशा वेळी आपल्याकडे नेहमी असे म्हटले जाते की, लोकांना रस्त्यावर कसे चालावे हे कळत नाही. शिस्तीचे महत्त्व मी नाकारीत नाही. शाळांतून वाहतुकीचे नियम शिकविलेच पाहिजेत. तथापि सात वर्षांचे मूल चेंडूमागे धावणार, सत्तरीच्या आजींना येणाऱ्या मोटारीच्या वेगाचा अंदाज चुकणार, आणि थकलेला कामगार लांबचा वळसा टाळून समोरूनच रस्ता ओलांडणार, हा मनुष्यस्वभाव आहे. माणसे चुका करणार हे गृहीत धरून, त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये अशी रस्त्याची रचना करणे, हे नियोजनकाराचे काम आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये याच विचारास राष्ट्रीय धोरणाचे रूप दिले. रस्त्यावरील सुरक्षिततेची जबाबदारी रस्ता वापरणाऱ्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, रस्ता आखणाऱ्यावर आहे, हे त्या धोरणाचे सूत्र होय.

आपल्याही कायद्याने या दिशेने पाऊल टाकले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम दाखल झाले. रस्त्याचे संकल्पन, बांधकाम किंवा देखभाल यांतील विहित मानकांचे पालन न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकारी, ठेकेदार व सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आराखड्यावर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे कलम एकदा तरी वाचावे, अशी माझी विनंती आहे.

वेगाचे गणित

सुरक्षित रस्त्याचा विचार वेगापासून सुरू होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर कापते. समोर अचानक मूल आले, तर चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार १४ मीटर पुढे आलेली असते, आणि पूर्ण थांबण्यास कोरड्या रस्त्यावर एकंदर ३० मीटरच्या आसपास अंतर लागते. हीच मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती सुमारे १४ मीटर अंतरात पूर्णपणे थांबते. जेथे एक मोटार थांबलेली असते, तेथे दुसरीचा ब्रेक नुकताच लागू लागलेला असतो. शिवाय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आघाताची शक्ती वाढत असल्याने, ५० च्या वेगातील आघात ३० च्या वेगातील आघाताच्या पावणेतीन पटींहून अधिक असतो. म्हणूनच माणसे आणि वाहने जेथे नित्य एकत्र येतात, तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा आग्रह फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यात धरण्यात आला.

वेगमर्यादेचा फलक लावल्याने वेग कमी होतोच असे नाही, हा आपला अनुभव आहे. चालक फलकाकडे कमी आणि रस्त्याकडे अधिक पाहतो. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसला की पाय आपोआप दाबला जातो. त्यामुळे वस्तीतील रस्त्यावर वाहनांच्या मार्गिका गरजेपेक्षा रुंद ठेवू नयेत. चौकाच्या कोपऱ्याची वळणे ऐसपैस न ठेवता आखूड ठेवावीत, म्हणजे वळणाऱ्या वाहनास वेग कमी करावाच लागतो. शाळा, दवाखाना व बाजार यांसमोरील पादचारी पट्टे रस्त्याच्या पातळीहून थोडे उचलून पदपथाच्या उंचीस आणावेत. असा उंच पट्टा हाच गतिरोधक ठरतो, आणि चालणाऱ्यास खाली उतरून पुन्हा चढावे लागत नाही.

पदपथ असूनही लोक रस्त्यावर का चालतात?

पदपथ बांधले तरी लोक त्यांवरून चालत नाहीत, ही तक्रार प्रत्येक अभियंत्याच्या तोंडी असते. या तक्रारीचे उत्तर शोधायचे तर एखाद्या पदपथावरून अर्धा किलोमीटर चालून पाहावे. पदपथाची उंची गुडघ्याला टेकेल इतकी असते. दर दहा पावलांवर कोणाच्या तरी फाटकासाठी तो तोडलेला असतो. पुढे विजेच्या पेटीने वाट अडविलेली असते, त्यापुढे जाहिरातीचा खांब असतो, आणि शेवटी उघड्या चेंबरपाशी तो संपतो. अशा पदपथावरून चालणे म्हणजे सतत चढणे आणि उतरणे. धडधाकट माणूसही दोन वेळा चढउतार करून तिसऱ्या वेळी रस्त्यावरूनच चालू लागतो. चाकांच्या खुर्चीवरील माणसास तर पहिल्या पायरीलाच परत फिरावे लागते.

यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने २०१२ मध्ये पादचारी सुविधांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी पूर्णपणे मोकळी असावी, आणि बाजारपेठेत ती अधिक असावी, असे ती सांगतात. १.८ मीटरच का? तर दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोरून एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील इतके ते अंतर आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, आणि जेथे तो रस्त्यास मिळतो तेथे बारा फुटांस एक फूट यापेक्षा तीव्र उतार नसावा. फाटकापाशी पदपथ तोडू नये. तो त्याच पातळीवर पुढे न्यावा आणि वाहनाने छोट्या उतारावरून चढून तो ओलांडावा.

पदपथाचे मनाशी तीन पट्टे करावेत. इमारतीलगतचा अरुंद पट्टा दुकानासमोर थांबणाऱ्यांसाठी, मधला संपूर्ण मोकळा पट्टा चालणाऱ्यांसाठी, आणि रस्त्यालगतचा पट्टा झाडे, दिव्यांचे खांब, बाके, विजेच्या पेट्या व बसथांबा यांसाठी. मधल्या पट्ट्यात काहीही उभे करावयाचे नाही, एवढा एकच नियम कसोशीने पाळला, तरी निम्म्याहून अधिक अडचणी दूर होतील.

न पाहणाऱ्यांना वाट दाखविणारी फरशी

पदपथांवर किंवा रेल्वेच्या फलाटावर उंचवट्यांची पिवळी फरशी आपण पाहिली असेल. जपानमधील सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये ती शोधून काढली, आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातील एका रस्त्यावर ती प्रथम बसविली गेली. लांबट उंचवटे ‘सरळ पुढे चला’ असे सांगतात. गोल ठिपके ‘थांबा, पुढे धोका आहे’ असे सांगतात. दृष्टिहीन व्यक्ती पायाच्या तळव्याने आणि हातातील काठीने ही भाषा वाचते. आपल्याकडे मात्र ही फरशी कित्येकदा शोभेची वस्तू म्हणून बसविली जाते, आणि झाडाच्या बुंध्यापाशी किंवा खांबापाशी नेऊन सोडली जाते. चुकीची वाट दाखविणारी खूण ही खूण नसण्यापेक्षा अधिक घातक आहे, हे गवंड्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या मनावर बिंबले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांना रस्त्याने जाता येणे हा दयेचा विषय नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने तो त्यांचा हक्क ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर डिसेंबर २०१७ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय देताना, सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नसून बंधनकारक असले पाहिजेत, हे स्पष्ट केले. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने, पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. आणि हेही ध्यानी घ्यावे की, अपंगांसाठी केलेला उतार बाळाची गाडी ढकलणाऱ्या मातेला, बाळंतपणाला आलेल्या लेकीला, गुडघेदुखीच्या आजोबांना आणि भाजीची हातगाडी ओढणाऱ्यालाही तितकाच उपयोगी पडतो.

पूल की पट्टे?

रस्ता ओलांडण्याचा प्रश्न आला की पादचारी पुलाची मागणी होते. वाहनांच्या डोक्यावरून जाणारा पूल सुमारे सहा मीटर उंच असावा लागतो. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरल्यास चाळीस पायऱ्या चढणे आणि तितक्याच उतरणे आले. पायऱ्यांऐवजी सुगम उतार करावयाचा, तर एकेका बाजूस किमान ७२ मीटर लांबीची रचना हवी. समोरच्या दुकानात जाण्यासाठी एवढा खटाटोप कोण करील? मुंबई महानगर प्रदेशात २००८ पासून रेल्वे स्थानकांबाहेर आकाशमार्ग उभारण्यात आले. स्थानकाच्या पुलावरून जो प्रवासी मुळातच वर आलेला असतो, त्याला असा मार्ग सोयीचा होऊ शकतो. परंतु जमिनीवर असलेल्या माणसाने केवळ मोटारींना अडथळा नको म्हणून वर चढावे, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. द्रुतगती महामार्गाचा अपवाद सोडल्यास शहरात जमिनीवरूनच, थांबत थांबत, सुरक्षितपणे ओलांडता येईल अशी योजना करणे श्रेयस्कर.

येथेही गणित सोपे आहे. चार मार्गिकांचा रस्ता साधारण १४ मीटर रुंद असतो. तरुण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे धरून सिग्नलची वेळ ठरविली तर बारा सेकंद पुरतात. पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धेस साडेसतरा सेकंद लागतात. बारा सेकंदांनी दिवा बदलतो तेव्हा ती अद्याप रस्त्यातच असते. उपाय दोन आहेत. सिग्नलची वेळ सर्वांत हळू चालणाऱ्याच्या हिशेबाने ठेवावी, आणि मध्यभागी उभे राहण्यासाठी संरक्षित जागा करावी. अशी जागा असल्यास त्या वृद्धेस एका वेळी सातच मीटर, म्हणजे नऊ सेकंदांहून कमी काळ, रस्त्यावर राहावे लागते. पूल बांधण्याच्या तुलनेत या कामाचा खर्च किरकोळ आहे.

पुण्याचा अनुभव

आपल्या राज्यातील उदाहरण म्हणून पुण्याकडे पाहता येईल. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या या शहराने पुढे दुचाकींची विलक्षण गर्दी अनुभवली. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, नागरी रस्त्यांच्या संकल्पनाची मार्गदर्शक सूत्रे तयार केली, आणि पुढील वर्षी सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना याच काळातील. तेथे पदपथ रुंद झाले, जुन्या वृक्षांना धक्का न लावता त्यांच्या सावलीत बाके आली, मुलांच्या खेळाची साधने आली. ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवून केवळ चालणाऱ्यांसाठी खुला केला.

या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रुंद पदपथ झाला की त्यावर दुचाकी चढतात. एक रस्ता आदर्श होतो आणि त्याला मिळणाऱ्या गल्ल्या होत्या तशाच राहतात. म्हणून बांधकामाबरोबरच देखभालीची आणि नियमनाची तरतूद हवी, आणि शोभिवंत एका रस्त्यापेक्षा साध्या पण सलग अशा पदपथांचे जाळे हवे.

पथारीवाल्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पदपथ मोकळा करणे म्हणजे त्यांना हाकलणे, असा सोपा अर्थ घेतला जातो. पथविक्रेता अधिनियम, २०१४ याने त्यांच्या उपजीविकेस संरक्षण दिले असून नगर पथविक्रेता समितीमार्फत जागा निश्चित करण्याची पद्धत घालून दिली आहे. विक्रेता आहे म्हणून रस्ता रात्रीही जागता राहतो, आणि एकटीने जाणाऱ्या स्त्रीला त्याचा आधार वाटतो, हेही खरे. मधला चालण्याचा पट्टा सोडून रस्त्यालगतच्या पट्ट्यात त्यांना आखून दिलेली जागा द्यावी. पदपथावर फुकट उभ्या राहणाऱ्या एका मोटारीच्या जागेत दोन-तीन कुटुंबांचा चरितार्थ चालू शकतो, याचाही विचार सभागृहाने करावा.

गावाचाही हाच प्रश्न

पंचायत सदस्यांना वाटेल की, हा शहरांचा विषय आहे. परंतु आज आपल्या गावांमधून राज्य मार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग जातात. एका बाजूस गावठाण आणि दुसऱ्या बाजूस शाळा, असे चित्र ठिकठिकाणी आहे. आठवडे बाजार रस्त्याच्या कडेलाच भरतो, आणि गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीच्या अंधारात त्याच रस्त्याने जातात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने सार्वजनिक रस्त्यांवरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचे अधिकार पंचायतीस दिले आहेत. रस्ता बांधकाम विभागाचा असला, तरी ग्रामसभेच्या ठरावाने शाळेसमोर उंच पट्टे, दिवे आणि बाजूची पायवाट यांची मागणी करता येते. ती कागदोपत्री नोंदलेली असावी.

पायी चालण्याचे मोल महाराष्ट्रास नव्याने सांगावयास नको. शतकानुशतके वारकरी आळंदी-देहूहून पंढरीस चालत जात आहेत. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची योजना आखताना दोन्ही बाजूंस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाटेची तरतूद करण्यात आली, ही समाधानाची बाब आहे. जे वारीसाठी आपणास सुचले, ते रोज शाळेत चालत जाणाऱ्या मुलीसाठीही सुचले पाहिजे. तिची वारी तर वर्षातून दोनशेहून अधिक दिवसांची आहे.

आपण काय करावे?

शेवटी काही प्रत्यक्ष सूचना करतो. नगरपरिषदांनी रस्त्याच्या प्रत्येक नव्या कामाच्या अंदाजपत्रकात पदपथ, ओलांडण्याच्या जागा व दिवे यांचा स्वतंत्र शीर्ष ठेवावा आणि त्याशिवाय कामास तांत्रिक मान्यता देऊ नये. जलवाहिनी, वीज व दूरध्वनी यांची खोदाई करणाऱ्या विभागांकडून पदपथ पूर्ववत करून घेतल्याखेरीज त्यांची अनामत परत करू नये. अभियंते, नगरसेवक आणि वाहतूक पोलीस यांनी वर्षातून दोनदा, एखाद्या दृष्टिहीन व चाकांची खुर्ची वापरणाऱ्या नागरिकास सोबत घेऊन, आपल्या प्रभागातील मुख्य रस्त्यावरून चालत जावे आणि आढळलेल्या त्रुटींची यादी सभेपुढे ठेवावी.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती वेगळी आहे. भूगोलाच्या तासाला मुलांकडून घर ते शाळा या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. जेथे भीती वाटते तेथे तांबडी खूण करण्यास सांगावे. चाळीस मुलांचे चाळीस नकाशे एकत्र ठेवले की, तांबड्या खुणा एका-दोन ठिकाणी दाटलेल्या दिसतील. हे नकाशे मुख्याध्यापकांच्या पत्रासह नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे पाठवावेत. अपघात घडल्यानंतर पोलीस पंचनामा करतातच. हा पंचनामा अपघातापूर्वीचा असेल, आणि तो मुलांनीच केलेला असेल. अशा नकाशाची दखल पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे जर येथे उपस्थित असलेल्या पदाधिकाऱ्यांनी मनावर घेतले, तर आजच्या चर्चेचे सार्थक झाले, असे मी समजेन.